सुरीला चुंबक चिकटलं तर चिकटू द्या: एका फॉरवर्डला उत्तर

"पहिली सुरी घेताय? हे सात नियम पाळा" असा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. नोकरीसाठी पुण्यात खोली घेतलेल्या माझ्या भाचीला तिच्या आईने तो पाठवला. तिने तो खरा मानला, चुंबक घेऊन दुकानात गेली आणि ज्या सुऱ्या घ्यायच्या त्याच नेमक्या नाकारून आली. असल्या सल्ल्याला आता कोणीतरी स्पष्ट उत्तर द्यायलाच हवं. सातही नियम खाली घेतले आहेत, पण जो सगळ्यात चुकीचा तो आधी.

नियम दुसरा: "सुरीला चुंबक लावून पाहा. चिकटलं तर स्टील भेसळीचं, ते गंजणार. शुद्ध स्टीलला चुंबक चिकटत नाही."

हे बरोबर उलटं आहे. स्टीलच्या सुरीच्या पात्याला चुंबक चिकटलंच पाहिजे. नाही चिकटलं तर ती सुरी परत ठेवा.

ही समजूत भांड्यांच्या दुकानातून आली आहे. चांगले डबे, पातेली ज्या ३०४ स्टीलची असतात त्यात साधारण १८% क्रोमियम आणि ८% निकेल असतं, आणि निकेलमुळे त्या स्टीलची आतली रचना चुंबकाला धरत नाही. भांड्यांसाठीसुद्धा ही परीक्षा कच्चीच आहे, कारण निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक चिकटत नाही. पण सुरीसाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. ३०४ मध्ये कार्बन जेमतेम ०.०८% पर्यंत असतो. ते कितीही तापवून गार केलं तरी कडक होत नाही. पातेल्याचं त्यावाचून काही अडत नाही. सुरीची धार मात्र अशा स्टीलवर चार दिवस टिकत नाही, काठ लगेच मुडपतो.

सुरीच्या स्टीलमध्ये कार्बन मुद्दाम जास्त ठेवतात. जर्मन पद्धतीच्या बऱ्याच सुऱ्यांच्या पात्यावर 'X50CrMoV15' असं स्टीलचं नाव कोरलेलं असतं. त्यातला ५० म्हणजे सुमारे ०.५% कार्बन आणि १५ म्हणजे सुमारे १५% क्रोमियम. हे स्टील हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून झपाट्याने थंड करतात, मग कमी तापमानावर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. लोहार ज्याला पाणी देणं म्हणतात तेच हे काम. यातून जी कडक रचना तयार होते ती चुंबकाला धरते. घरातल्या जुन्या विळीला चुंबक लावून पाहा, खटकन चिकटेल, आणि तिची धार काय असते ते सगळ्यांना माहीत आहे. (सिरॅमिकच्या पांढऱ्या सुऱ्यांना चुंबक चिकटत नाही, कारण त्या धातूच्या नसतातच. त्या पडल्या की टवका उडतो आणि घरी त्यांना धार लावता येत नाही. पहिली सुरी म्हणून घेऊ नका.)

उलट बाजूही लक्षात ठेवा: चुंबक चिकटलं म्हणजे सुरी चांगली, असंही नाही. कार्बन कमी असलेल्या हलक्या स्टीललाही ते चिकटतं. म्हणून पात्यावर स्टीलचं नाव किंवा कडकपणाचा आकडा लिहिला आहे का, ते बघा. रॉकवेल मापावर ५५ ते ५८ नवशिक्याला उत्तम. ६० च्या वरच्या जपानी सुऱ्यांची धार जास्त टिकते, पण हाडावर किंवा गोठलेल्या पदार्थावर चालवल्या तर काठाला खाचा पडतात.

गंजाबद्दलचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. ३०४ च्या मानाने सुरीचं स्टील लवकर डागाळतं. मीठ आणि लिंबू लागलेली सुरी रात्रभर सिंकमध्ये पडली तर सकाळी तपकिरी ठिपके दिसतात. त्यावर उपाय एवढाच, की वापरली की धुवायची आणि लगेच पुसायची.

नियम पहिला: "नवशिक्याने बोथट सुरी घ्यावी, म्हणजे बोट कापलं तरी जखम खोल होत नाही."

बाकीच्या नियमांनी पैसे वाया जातील, या नियमाने बोट जाईल. टोमॅटोची साल किंवा कांद्याचा वरचा पापुद्रा बोथट काठाला आत शिरू देत नाही. मग माणूस जोर लावतो. सुरी सालीवरून घसरते आणि तो सगळा जोर भाजी धरलेल्या हातावर येतो. धारदार सुरी स्वतःच्या वजनाने आणि पुढे-मागे सरकवण्याने कापते, म्हणून ती ताब्यात राहते. हा अंदाज नाही. मॅकगॉरी, डाउड आणि डेम्पसी यांनी मांस कापणाऱ्या कामगारांची मुठीची पकड आणि कापण्याचा जोर प्रत्यक्ष मोजला. तो अभ्यास २००३ मध्ये 'अप्लाइड अर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात आला. सुरी धारदार असली की पकडीचा जोर, कापायला लागणारा जोर आणि वेळ, तिन्ही कमी. रोज सुरी चालवणाऱ्यांचं हे असेल, तर काल हातात सुरी घेतलेल्याला बोथट पातं कसं द्यायचं?

धारदार सुरी नुसत्या स्पर्शानेही कापते, हे खरं. त्यासाठी हात शिकवायचा असतो. भाजी धरलेल्या हाताची बोटं आत वळवा, नखं उभी, अंगठा त्यांच्या मागे. पात्याची बाजू मधल्या पेरांना टेकून सरकेल. कांदा, बटाटा आधी अर्धा कापा आणि सपाट बाजू खाली ठेवा, म्हणजे तो लोळणार नाही. विळीवर हात बसलेल्यांनी विशेष जपावं: तिथे पातं स्थिर असतं आणि भाजी सरकते, इथे उलट.

दुकानात धार तपासायची असेल तर काठ वर करून दिव्याखाली धरा. काठावर पांढरी रेघ किंवा चमकते ठिपके दिसले तर तिथे धार नाही. चांगल्या काठावरून उजेड परतत नाही.

नियम तिसरा: "पात्यावर लाटांची नक्षी म्हणजे खरं दमास्कस, सगळ्यात भारी." स्वस्त सुऱ्यांवर ही नक्षी बहुतेक वेळा लेझरने काढलेली असते. दमास्कस म्हणून विकल्या जाणाऱ्या, खरोखर स्टीलचे थर जोडून केलेल्या पात्यातही नक्षी सहसा बाहेरच्या थरांत असते आणि कापतं ते मधलं स्टील. नक्षीवरून धारेबद्दल काहीच कळत नाही. इतिहासातलं दमास्कस पोलाद दक्षिण भारतात मुशीत बनणाऱ्या पोलादापासून होत असे, तेलंगणातलं कोनसमुद्रम त्यासाठी प्रसिद्ध होतं. त्याचा या छापील लाटांशी काही संबंध नाही.

चौथा, "जड सुरी घ्या", आणि पाचवा, "सहा सुऱ्यांचा संच स्वस्त पडतो". जड सुरीने मनगट दुखतं. २०० ग्रॅमच्या आसपासची बघा, आणि अंगठा व पहिलं बोट पात्याच्या मुळाशी चिमटीत धरून तोल पाहा. संचातल्या चार सुऱ्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात. दोन पुरतात: १८ ते २० सेंटिमीटर पात्याची एक मोठी, ८ ते १० ची एक लहान. मोठी सुरी फळीवर टेकवल्यावर मुठीखाली बोटांची पेरं फळीला लागता कामा नयेत. मूठ आणि पातं यांच्यात फट नको, तिथे घाण साचते.

सहावा, "काचेचा किंवा ग्रॅनाइटचा बोर्ड स्वच्छ राहतो". धुवायला सोपा, खरं आहे. पण तो जराही दबत नाही, त्यामुळे धार एका आठवड्यात दुमडते. लाकडी किंवा प्लास्टिकची फळी घ्या आणि खाली ओलं फडकं घाला, सरकणार नाही.

सातवा, "धारेच्या दगडाची गरज नाही, कपाच्या बुडावर घासा". नाइलाजाने मान्य करावं लागतं की हे थोडं चालतं. कपाच्या बुडाची झिलई नसलेली कड खरखरीत असते, तिच्यावर काठ तात्पुरता सुधारतो. पूर्ण गेलेली धार मात्र परत येत नाही. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) दगड आणा. मोठ्या सुरीचं पातं साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १.२ ते १.५ सेंटिमीटर उचला, की १५ ते २० अंशांचा कोन मिळतो. लहान सुरीला अर्धा सेंटिमीटर पुरे. दुसऱ्या बाजूला काठभर बारीक खरखर हाताला लागेपर्यंत एक बाजू घासा, मगच पालटा. सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडे दिली तर चाकावर पातं जास्त वेळ टेकवू नको, मधे मधे पाण्यात बुडव, असं सांगा. काठ निळसर पडला तर तेवढ्या भागाला दिलेलं पाणी उतरलं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला, आणि तो भाग पूर्ण घासून काढेपर्यंत तिथे धार टिकणार नाही.