काळा डाग म्हणजे विष नव्हे, आत्या!

परवा आत्याचा फोन आला. "अरे, केवढं विष होतं बघ माझ्या पाठीत!" पाठोपाठ फोटो. पाठभर वाटीएवढे काळेनिळे गोल. आणि तो फॉरवर्ड, जो महिनाभर आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय: कपिंगने (म्हणजे अंगावर कप लावून आतली हवा ओढून घ्यायची, त्याने) शरीरातलं विष बाहेर पडतं, डाग जितका काळा तितकं विष जास्त, शुगर-बीपी मुळापासून जातं, ऑलिंपिकवाले करतात, सुश्रुतांनी सांगितलंय, म्हणून दुष्परिणाम शून्य.

विष बाहेर पडलं, तर गेलं कुठे? कप कोरडा आहे. कातडी फाटलेलीही नाही. ओढीमुळे त्वचेखालच्या बारीक केशवाहिन्या फुटल्या आणि रक्त तिथेच आत सांडलं, एवढंच. लहानपणी पेला तोंडाला लावून हवा ओढायचो आणि हनुवटीवर गोल वळ घेऊन शाळेत जायचो. तेव्हा काय हनुवटीत विष साचलं होतं? पंपाने जोरात ओढलं, कप जास्त वेळ ठेवला, की धडधाकट पोराची पाठही काळी पडते. पुढे तो डाग हिरवा-पिवळा होतो, कारण सांडलेलं हिमोग्लोबिन शरीर मोडत असतं. म्हणजे साफसफाई शरीरच करतंय, तीही तुम्ही केलेल्या पसाऱ्याची.

इथवर मी हसत होतो. पण पुढच्या वेळी ब्लेडने चिरा देऊन 'खराब रक्त' काढणार आहेत म्हणे. आत्याला मधुमेह आहे, स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तिची जखम भरायला वेळ लागतो आणि रक्त लवकर थांबत नाही. हे त्या कपिंगवाल्याने विचारलंसुद्धा नाही! आणि खराब रक्त पाठीत वेगळं साठवलेलं नसतं हो. मिनिटाभरात तेच रक्त अंगभर फिरून येतं.

सुश्रुतांचं म्हणाल तर खरं आहे. रक्त काढायला शिंग, तुंबडी, जळू, सगळं त्यांच्या संहितेत आहे. पण कोणाचं रक्त काढू नये हेही तिथेच आहे, पांडुरोगी (अंगात रक्त कमी असलेले) आणि गर्भिणी धरून. फॉरवर्डवाल्यांना ती पानं सापडली नाहीत.

अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे डाग २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. त्याआधीच त्याच्याकडे १८ सुवर्णपदकं होती. पुढे बोलायला नको.

"पण बरं वाटलं रे," आत्या म्हणाली. वाटलं असेल. जर्मनीत फायब्रोमायल्जियाच्या (सतत अंगभर दुखण्याच्या आजाराच्या) १४१ रुग्णांवर चाचणी झाली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. कपिंगवाल्यांना नेहमीच्याच उपचारांवर ठेवलेल्यांपेक्षा बरं वाटलं, हे नाइलाजाने मान्य. मात्र काहींना बारीक भोकं पाडलेले, ओढ न टिकणारे खोटे कप लावले होते. त्यांच्यात आणि खऱ्या कपवाल्यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. शुगर-बीपीचा तर तिथे विषयच नव्हता. गोळ्या बंद करायचा सल्ला देणाऱ्याची तुंबडी मात्र भरते.

चिरांची वेळ गुरुवारची होती. आत्याने ती रद्द केलेली नाही, फक्त पुढे ढकलली आहे.