एकाच रात्री 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाईन'? तो मेसेज चुकीचा आहे

गॉथिक भयकथा वाचणाऱ्यांच्या आणि रोलप्लेइंग गेम (पात्रं वठवत, फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ) खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: १८१६ साली जिनिव्हा सरोवराकाठी एका वादळी रात्री मेरी शेलीने 'फ्रँकेन्स्टाईन' आणि ब्रॅम स्टोकरने 'ड्रॅक्युला' लिहिली, आणि तिथेच रोलप्लेइंग गेमचा जन्म झाला.

स्टोकरचा जन्मच १८४७ चा. 'ड्रॅक्युला' आली १८९७ साली. त्या सरोवराकाठच्या व्हिला डायोडाती या घरात मेरीसोबत होता तो इंग्रज कवी बायरनचा तरुण डॉक्टर, जॉन पॉलिडोरी. त्याची 'द व्हॅम्पायर' ही कथा १८१९ मध्ये चक्क बायरनच्या नावावर छापली गेली. पॉलिडोरीने पत्र लिहून खुलासा केला होता. तरीही त्याचं श्रेय अजून दुसऱ्याच्या पदरात पडतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

'फ्रँकेन्स्टाईन'ही एका रात्रीत झाली नाही. १८३१ च्या प्रस्तावनेत मेरी स्वतः सांगते की रोज सकाळी तिला गोष्ट सुचली का असं विचारत, आणि तिला नाही म्हणावं लागे. कादंबरी निघाली १८१८ मध्ये. हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, तिचा नवरा, कवी पर्सी शेली याच्या दुरुस्त्यांसकट.

राहिला गेम. डायोडातीत प्रत्येकाने आपापली भुताची गोष्ट लिहायची असं ठरलं होतं. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट रचणं, फासे टाकणं तिथे नव्हतं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा प्रसिद्ध रोलप्लेइंग गेम १९७४ चा आणि त्यात व्हॅम्पायरचा किल्ला आणणारं 'रेव्हनलॉफ्ट' हे साहस १९८३ चं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.