फिनलंडमध्ये पाढेही आहेत आणि गृहपाठही

‘फिनलंडने शाळेतले सगळे विषय रद्द केले. तिथे परीक्षा नाही, गृहपाठ नाही, शिक्षकाला डॉक्टरपेक्षा जास्त पगार. तरी शिक्षणात जगात पहिला नंबर! आपण कधी सुधारणार?’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि मी त्याकडे दुर्लक्षच करत आलो. पण परवा तो वहिनीने पाठवला, आणि खाली लिहिलं, ‘भाऊजी, चिऊचे पाढे मी आता बंद केलेत.’ चिऊ चौथीत आहे. आता गप्प बसवत नाही.

विषय रद्द झाल्याची आवई मार्च २०१५ मधली. एका ब्रिटिश वृत्तपत्राने तशी बातमी छापली, ती जगभर गेली, आणि फिनलंडच्या राष्ट्रीय शिक्षण मंडळाने त्याच महिन्यात खुलासा केला की विषय कुठेही जात नाहीत. खुलासा मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही. २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात नवं आलं ते एवढंच : प्रत्येक मुलाला वर्षातून निदान एकदा, अनेक विषय एकत्र गुंफून शिकायला मिळावं. बाकी गणित गणितच आहे. पहिली ते नववी मिळून त्याच्या किमान बाराशेवर तासिका सरकारने ठरवून दिल्या आहेत, मातृभाषेच्या त्याहून जास्त.

आणि पाढे? पहिली-दुसरीत एक ते पाच आणि दहाचा, तिसरी ते सहावीत सहा ते नऊ. अभ्यासक्रमातच लिहिलंय. ज्या देशाचं नाव घेऊन चिऊचे पाढे थांबवले, तिथली पोरं ते शिकतायत! उद्या तिच्यापुढे ३/८ आणि ५/१२ ची बेरीज येईल. आठाचा आणि बाराचा पाढा तोंडात असला की छेद चोवीस, हे लगेच सुचतं. नसला तर मूल तिथेच अडतं, आणि ‘मला गणित जमतच नाही’ असं स्वतःबद्दल ठरवून बसतं. एका फॉरवर्डपायी हे नुकसान का सोसायचं?

गृहपाठ नाही, हेही खोटं. फिनलंडच्या १९९८ च्या मूलभूत शिक्षण कायद्यात चक्क तरतूद आहे : गृहपाठ टाळणाऱ्या मुलाला शाळा सुटल्यावर देखरेखीखाली जास्तीत जास्त तासभर थांबवून तो करून घेता येतो.

परीक्षेचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. नववीपर्यंत देशभर एकच अशी बोर्डाची परीक्षा तिथे नाही. पण वर्गात चाचण्या होतात, गुण मिळतात, आणि उच्च माध्यमिकच्या शेवटी जी राष्ट्रीय परीक्षा होते ती १८५२ पासून चालू आहे.

डॉक्टरपेक्षा जास्त पगार? नाही. पहिला नंबर? २००० च्या पहिल्या ‘पिसा’ चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांचं वाचन, गणित आणि विज्ञान तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, वाचनात होता. गणितात २००६ ला ५४८ गुण होते, २०२२ ला ४८४. तेव्हा पहिलं आलं सिंगापूर, ५७५ गुणांनी.

दुसऱ्या देशांकडून शिकूच नये, असं मी म्हणत नाही. ‘पिसा’सारखी चाचणी त्यासाठीच तर आहे. आपणही एकदा उतरलो होतो. २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश होते, ७४ देश-प्रदेशांत जवळजवळ तळाशी आले. मग ‘प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराला धरून नाहीत’ म्हणत केंद्र सरकारने पुढच्या फेऱ्यांकडे पाठ फिरवली. हा मला पळपुटेपणा वाटतो. निकाल वाईट आला म्हणून आरसा नाकारायचा नसतो.

फिनलंडकडून घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी घ्या. तिथे पहिलीच्या वर्गशिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते, आणि त्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळणं अवघड असतं. दुसरं, १९४८ पासून प्रत्येक मुलाला शाळेत मोफत गरम जेवण मिळतं. जेवण आपल्याकडेही आहे, ते आठवीच्या पुढे न्या. आणि जिल्हा परिषदेच्या गुरुजींकडून मतदारयाद्यांचं काम काढून घ्या, म्हणजे ते वर्गात तरी दिसतील. पाढे बंद करा असं फिनलंड कुणालाच सांगत नाही.