कॅचरची फलंदाजी हा ‘बोनस’ नव्हे

अमेरिकी बेसबॉलच्या चाहत्यांमध्ये एक विधान वर्षानुवर्षे फिरत आले आहे. कॅचरचे, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) टाकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूचे, खरे काम बचावाचे, बॅटने काही केले तर तो बोनस समजावा. म्हणून बचावात तरबेज पण फलंदाजीत दुबळा कॅचर हा बचावात कच्च्या पण फलंदाजीत जबर अशा कॅचरपेक्षा केव्हाही श्रेष्ठ, असे ते विधान. यातल्या ‘केव्हाही’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. फलंदाजीने मिळवलेली धाव आणि बचावाने वाचवलेली धाव धावफलकावर सारख्याच मोलाच्या असतात. दोन्ही बाजू एकाच मापाने मोजल्या, तर या विधानाला दिले जाणारे आधार एकेक करून तपासता येतात.

पहिला आधार कॅचरच्या हाताचा. बेस चोरायला, म्हणजे फटका बसण्याची वाट न पाहता पुढचा टप्पा (बेस) गाठायला, धावलेल्या खेळाडूला अचूक फेकीने बाद करणे हे कॅचरचे सर्वांत नजरेत भरणारे काम असल्यामुळे त्यावरूनच त्याचा बचाव जोखला जातो, आणि माइक पियाझा या जबर फलंदाजी करणाऱ्या कॅचरची बदनामी झाली ती याच मापाने. बेस चोरणाऱ्या चौघांपैकी एकालाही तो सरासरीने बाद करत नसे. त्याचे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास, तर त्या काळची सर्वसाधारण सरासरी ३१ टक्क्यांच्या जवळपास होती. उणीव खरीच, पण तिची किंमत किती? चोरलेला बेस संघाला सुमारे ०.२ धावेचा लाभ देतो आणि त्या प्रयत्नात बाद होणे सुमारे ०.४ धावेचे नुकसान करते, म्हणजे एकेका निकालात फरक पडतो तो ०.६ धावेचा. एका हंगामात १५० प्रयत्न झाले असे धरले, तर ८ टक्क्यांच्या तफावतीने १२ धावक जास्त सुटतील आणि संघाला सात-साडेसात धावांचा तोटा होईल. दहा धावांचा फरक म्हणजे ढोबळमानाने एक विजय, हा हिशेब ध्यानात घेतला तर हा तोटा एका विजयाइतकाही नाही. उलट १९९७ साली पियाझाने ०.३६२च्या सरासरीने (म्हणजे दर शंभर संधींमागे सुमारे ३६ यशस्वी फटके किंवा ‘हिट’) २०१ हिट आणि ४० होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) केले, आणि सरासरी फलंदाजापेक्षा त्याचे योगदान ५०हून अधिक धावांनी जास्त होते. जुन्या नोंदींवरून पुढे जे अंदाज बांधले गेले, त्यांत तर फेक सोडून चेंडू झेलण्याच्या बाकीच्या कामांत तो सरासरीपेक्षा चांगला ठरला. एका ठळक दोषावरून सबंध बचावाला नावे ठेवणे हा त्याच्यावर झालेला अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

दुसरा आधार असा, की चांगला कॅचर असला की पिचर कमी धावा देतात. पिचरला धीर देणे, कोणता चेंडू टाकायचा ते सुचवणे, ही कामे मोलाची आहेत यात शंका नाही. मात्र त्यासाठी पुरावा म्हणून ‘अमुक कॅचर असताना संघाने किती धावा दिल्या’ हा आकडा पुढे केला जातो, आणि तो फसवा आहे. नव्वदच्या दशकात अटलांटा ब्रेव्ह्ज संघात ग्रेग मॅडक्स पिचिंग करत असे तेव्हा बहुधा एडी पेरेझ कॅचर असे, तर बाकीच्या पिचरांसाठी हावी लोपेझ. आपल्या काळातल्या सर्वोत्तम पिचरांपैकी एकाचे डाव ज्याच्या वाट्याला येतात, त्याचा आकडा चांगला दिसणारच. तो पेरेझचा किती आणि मॅडक्सचा किती, हे त्या आकड्यातून उलगडत नाही.

तिसरा आधार सर्वांत भक्कम आहे आणि तो मी बव्हंशी मान्य करतो. फलंदाज म्हणून कॅचरला सामन्यात चार-पाच संधी मिळतात, पण विरोधी फलंदाजाने सोडलेला प्रत्येक चेंडू त्याच्याच हातात येतो. फलंदाजासमोरच्या ठरावीक चौकटीतून, म्हणजे स्ट्राइक झोनमधून, गेलेला चेंडू फलंदाजाविरुद्ध ‘स्ट्राइक’ धरला जातो, तर बाहेरून गेलेला, त्याने सोडलेला चेंडू त्याच्या फायद्याचा ‘बॉल’. या झोनच्या कडेवरचा चेंडू हातमोजा न हलवता, अलगद झेलून पंचाला तो स्ट्राइक वाटावा असे करणे, यालाच फ्रेमिंग म्हणतात. बॉलऐवजी स्ट्राइक मिळाली की एका धावेचा सुमारे आठवा भाग वाचतो; सामन्याला अशी एकच जादा स्ट्राइक मिळाली तरी १२० सामन्यांत १५ धावा होतात. २०११ साली माइक फास्ट या विश्लेषकाने चेंडूंच्या नोंदी तपासून होसे मोलिना हा कॅचर या कामात किती पुढे आहे ते दाखवले, आणि कारकिर्दीत ०.२३३ची सरासरी असलेल्या या खेळाडूकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. तरीही यातून ‘केव्हाही’ सिद्ध होत नाही. १५ धावांचा लाभ ३० धावांनी कमी पडणारी फलंदाजी भरून काढत नाही. शिवाय हा लाभ पंचाच्या नजरेवर अवलंबून आहे. फलंदाज, पिचर किंवा कॅचर यांना पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येईल, अशी पद्धत २०२६च्या हंगामापासून लागू करण्याचे २०२५च्या सप्टेंबरात ठरले. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोनच आव्हाने असल्यामुळे फ्रेमिंग संपणार नाही. पण मोक्याच्या क्षणी हातचलाखीने मिळवलेली स्ट्राइक आता परत जाऊ शकते.

उरला शेवटचा आधार: कॅचरकडून फलंदाजीची अपेक्षाच नसते. इथे तर्क उलटा चालला आहे. बहुतेक कॅचर फलंदाजीत सरासरीपेक्षा कमी असतात, म्हणूनच चांगली फलंदाजी करणारा कॅचर दुर्मीळ आणि त्यामुळे अधिक मौल्यवान ठरतो. मिनेसोटा ट्विन्सच्या जो मावरने २००६, २००८ आणि २००९ या तीन वर्षी अमेरिकन लीगमध्ये (अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगपैकी एकीत) फलंदाजीची सर्वाधिक सरासरी राखली. २०१३ साली मेंदूला बसलेल्या धक्क्यामुळे त्याला कॅचरची जागा सोडून क्षेत्ररक्षणासाठी पहिल्या बेसवर जावे लागले. पहिल्या बेसवर धिप्पाड, जोरकस फलंदाज सहज मिळतात. प्रचलित विश्लेषणात पूर्ण हंगामासाठी कॅचरच्या जागेला १२.५ धावा जादा धरतात आणि पहिल्या बेसच्या जागेच्या तितक्याच वजा करतात. त्यामुळे मावरची फलंदाजी तसूभरही घटली नसती, तरी या स्थलांतराने त्याचे मोल पूर्ण हंगामाला २५ धावांनी खाली आले असते.

आणि दोहोंपैकी एकच निवडावे लागते, हे गृहीतकही दरवेळी लागू पडत नाही. सिएटल मॅरिनर्सच्या कॅल रॅलीला २०२४ साली अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम बचावासाठीचा प्लॅटिनम ग्लोव्ह मिळाला आणि पुढच्याच वर्षी त्याने ६० होमरन मारले. त्याआधी मुख्यतः कॅचर म्हणून खेळणाऱ्याचा उच्चांक साल्वादोर पेरेझच्या नावावर होता, ४८ होमरनचा.