चेहऱ्याची मोजणी

ज्या घरात बीडीएसचं, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचं, पहिलं वर्ष शिरतं, त्या घरातल्या माणसांची तोंडं त्यांच्या मालकीची राहत नाहीत. आमच्याकडे माझ्या तोंडाचा नंबर सगळ्यात आधी लागला, कारण मला टक्कल आहे. "बाबा, तुमच्या डोक्यावर रेघ स्वच्छ दिसते," असं म्हणून कन्येने आईची काजळपेन्सिल उघडली आणि मला खिडकीशी खुर्चीवर बसवलं.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक. उभी नोकरी सातारा जिल्ह्यात लोकांच्या बांधांवर गेली. टिपण काखेत, साखळी पुढे, दोन्ही बाजूंना हातात काठ्या घेतलेले सख्खे भाऊ. एवढं सगळं बघितलेल्या माणसाला आपल्याच तोंडाची हद्द कायम मोजणी बघायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

तर जमीन अशी. मेंदूतून नर्व्हच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, बारा जोड्या निघतात, त्यातली पाचवी सगळ्यात जाड. नाव ट्रायजेमिनल, काम चेहऱ्याला काय लागलं ते मेंदूला कळवणं. तिचे पोटहिस्से तीन. वरचा ऑप्थॅल्मिक, त्याच्याकडे कपाळ, वरची पापणी आणि डोक्याचा पार टाळूपर्यंतचा भाग. मधला मॅक्सिलरी, त्याच्याकडे खालची पापणी, गाल, वरचा ओठ, वरचे दात. खालचा मॅन्डिब्युलर, त्याच्याकडे खालचा ओठ, हनुवटी, खालचे दात आणि कानापुढून कानशिलाकडे गेलेली एक चिंचोळी पट्टी. कवटीतून बाहेर पडायला तिघांनी तीन वेगळी दारं धरली आहेत: सुपीरियर ऑर्बिटल फिशर, फोरामेन रोटंडम आणि फोरामेन ओव्हेल. ही दारं लक्षात राहावीत म्हणून पोरं आद्याक्षरं धरून "स्टँडिंग रूम ओन्ली" असं घोकतात. पहाटे पाचला हे ऐकून तिच्या आईला वाटलं, पोरगी पुण्याच्या एसटीत उभ्याने जायची तयारी करतेय.

रेघा मारून झाल्या की चाचणी. डोळे मिटायचे आणि कापसाची वात कुठे टेकली ते सांगायचं. "लागतंय?" "लागतंय." "आणि इथे?" "तिथे खाज येतेय." "खाज सिलॅबसमध्ये नाही, बाबा." मग तीच वात डोळ्याच्या बुबुळाला हलकेच टेकवून बघायची असते म्हणे. टेकली की खबर पाचवी नेते आणि पापणी मिटवते सातवी. माझी पापणी वात दिसल्याबरोबरच मिटत होती, त्यामुळे हा प्रयोग तिने आजीवर करायचं ठरवलं आणि आजी शेजारी निघून गेली. तेवढ्यात गॅसवाला आला. मी कपाळापासून हनुवटीपर्यंत तीन तुकड्यांत दार उघडलं. "काका, गणपतीत नाटक बसवताय का?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता ओटीपी मागितला.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. वाद पेटला तो जबड्याच्या कोपऱ्यावरून.

कानाच्या पाळीखाली जबडा जिथे वळतो, तिथे तिची पेन्सिल आली आणि आत वळून निघून गेली. कोपरा रेघेबाहेर राहिला. मी म्हटलं, हा तुकडा सुटला. "सुटला नाही. तो ट्रायजेमिनलचा नाहीच. ग्रेट ऑरिक्युलर नर्व्हचा आहे, ती मानेतून वर येते. सर्व्हायकल दोन आणि तीन, म्हणजे मानेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या नर्व्हमधून." मी म्हटलं, म्हणजे मानेवाल्यांनी तोंडावर अतिक्रमण केलंय. "अतिक्रमण कसलं, मुळात त्यांचाच आहे." रोज सकाळी त्या कोपऱ्यावर वस्तरा मी फिरवतो, कापलं तर तुरटी मी लावतो, म्हणजे वहिवाट माझी. पण ऐकेल तर ना. परीक्षकांचा हा लाडका प्रश्न आहे म्हणे. पोरं घाईत अख्खा चेहरा पाचवीच्या नावावर चढवतात आणि समोरचे सर शांतपणे आपल्याच जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवतात.

दुसरा सापळा नाकात. नाकपुडीची बाजू मधल्या हिश्श्यात, पण शेंडा वरच्या. डोळ्याशी जाणाऱ्या नेझोसिलिअरीचीच एक फांदी उतरत उतरत शेंड्यापर्यंत येते. ही कटकट मला फुकटची वाटली होती. मग तिने सांगितलं की, चेहऱ्यावर नागीण उठली आणि फोड नाकाच्या शेंड्यावर आला, तर डॉक्टर आधी डोळा तपासतात. दोन्हींचा मालक एकच, त्यामुळे डोळ्याला धोका असण्याची शक्यता जास्त. तिथे मात्र मी गप्प बसलो. चतुःसीमा का लिहून ठेवायच्या, हे मला कोणी शिकवायला नको.

जिभेची कागदपत्रं तर साक्षात कोर्टात नेण्यासारखी. पुढच्या दोन तृतीयांश भागातला स्पर्श, चटका, टोचणं हे सगळं लिंग्वल नर्व्हकडे, म्हणजे खालच्या हिश्श्याकडे. चव मात्र सातवीची. तिची कॉर्डा टिम्पनी नावाची फांदी लिंग्वललाच येऊन मिळते आणि तिच्याच वाटेने जिभेपर्यंत जाते. दुसऱ्याच्या शेतातून वहिवाटीचा रस्ता, आणि तक्रार कोणाचीच नाही. माझ्या नोकरीत असली केस एकही आली नाही. जिभेचा मागचा एक तृतीयांश भाग नववीचा, तो मी सोडून दिला. जेवायची वेळ झाली होती.

पानात ठेचा होता. कन्या म्हणाली, यातलं मीठ सातवीला कळतं, पण तिखट ही चवच नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनने उष्णतेचा रिसेप्टर चाळवला जातो, म्हणून पाचवीला वाटतं की तोंड भाजलं. हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. "संशोधन त्यांचं," तिची आई म्हणाली, "आणि वरवंटा माझ्या हातात."

मला स्वतःला त्या गॅसेरियन गँग्लियनची गोष्ट आवडली. तिन्ही हिस्से जिथून फुटतात ती गाठ कवटीच्या तळाशी एका खोबणीत बसलेली आहे. खोबणीला मेकेलचं नाव, त्यांनी 1748 मध्ये तिचं वर्णन केलं. पण गाठीला नाव मिळालं व्हिएन्नाच्या गॅसर यांचं, आणि ते दिलं त्यांच्या हिर्श नावाच्या विद्यार्थ्याने, 1765 मध्ये. शिष्याने गुरूच्या नावावर फेरफार घातला. आमच्या खात्यात माझ्या हाताखाली शिकलेल्यांपैकी एकानेही माझ्या नावावर साधी विहीर चढवली नाही.

पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा पार पडली. परीक्षकांनी जबड्याचा कोपरा विचारला नाही, नाकाचा शेंडाही विचारला नाही. वरच्या पहिल्या दाढेचं विचारलं. वरच्या दाढा पोस्टीरियर सुपीरियर अल्व्हिओलर नर्व्हच्या, पण पहिल्या दाढेचं पुढचं, गालाकडचं मूळ तेवढं मिडल सुपीरियर अल्व्हिओलरकडे. आणि ही मिडलबाई कित्येकांच्या तोंडात नसतेच. उताऱ्यावर नाव आहे आणि जागेवर माणूस नाही! मला हे इतकं ओळखीचं वाटलं की मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

पुस्तकातल्या या सगळ्या हद्दी दुखण्याला मात्र मान्य नसतात, हे मला ती शेवटच्या वर्षाला असताना कळलं. माझा कान दुखायला लागला. बायकोने लसणाचं तेल कोमट करून घातलं. कानाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं आणि म्हणाले, कान उत्तम आहे, दाढ दाखवा. दाढ तर मुळीच दुखत नव्हती! कन्येने फोनवर समजावलं, खालच्या दाढा आणि कानापुढचा भाग, दोन्ही एकाच मॅन्डिब्युलरकडे. एकीकडची कळ मेंदू दुसरीकडे नोंदवतो. म्हणजे गुन्हा एका गटात आणि पंचनामा दुसऱ्यात.

दाढ कीड लागून पोखरली होती, काढायची ठरली. तिच्याच कॉलेजात, तिच्याच हातून, मागे मॅडम उभ्या. माझ्या तोंडात अंगठा घालून तिने जबड्याच्या हाडाची खाच चाचपली, सिरिंज समोरच्या बाजूच्या उपदाढांवरून आडवी आणली आणि थांबली. मी हा थांबा ओळखतो. साखळी टाकण्याआधी आम्हीही असंच खुणेच्या दगडाकडे बघायचो. इंजेक्शन लिग्नोकेनचं, दोन टक्के, सोबत ॲड्रिनॅलिन. लिग्नोकेन 1943 मध्ये स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी बनवलं. त्याआधी, 1884 मध्ये, खालच्या दातांच्या याच नर्व्हवर अमेरिकेत हॅलस्टेड यांनी कोकेन टोचलं होतं, आणि पुढे त्यांना स्वतःलाच कोकेनचं व्यसन जडलं. हे तिने मला खुर्चीत आडवं पाडल्यावर सांगितलं. धीर देण्याची तिची ही पद्धत.

"ओठ जड झाला का?" आधी झिणझिण्या, मग खालच्या ओठाचा निम्मा भाग भाकरीएवढा झाल्यासारखा. जीभही एका बाजूने गेली. मी मान हलवली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात आणखी एक सुई गालाकडून. कारण दाढेच्या बाहेरच्या हिरडीला लाँग बक्कल नावाची निराळीच फांदी येते आणि पहिल्या इंजेक्शनला ती दाद देत नाही. बांधाला लागून दोन हातांची पट्टी चुलत्याच्या नावावर निघते, तसंच. दाढ निघाली. मला कळलंसुद्धा नाही, फक्त कवटीत करकर ऐकू आली.

गॉज चावून घरी आलो तर दादाचा गावाहून फोन. आमच्या सामाईक जमिनीची मोजणी लावायची होती. मोजणी खात्यात जन्म काढला तरी घरची जमीन आम्ही आजवर मोजली नव्हती, कारण दोघांनाही उत्तर माहीत होतं. फी कोणी भरायची, असं त्याने विचारलं. मी ओठाकडे बोट दाखवत फोन कन्येच्या हातात दिला आणि खुणेनेच सांगितलं, बोलता येत नाही.

"काका, बाबांना बोलता येतं," ती स्पीकर लावून म्हणाली. "पाचवीचं इंजेक्शन आहे, त्याने फक्त ओठ हलल्याचं कळत नाही. ओठ हलवते सातवी, ती ठणठणीत आहे. मात्र अर्धा तास गॉज चावून धरायचाय."

"धरू दे की," दादा म्हणाला. "अर्ध्या तासाने करतो. फी किती होते तेवढं आठवून ठेव म्हणावं."