रांग आहे कुठे, ते तरी दाखवा

परवा आमच्या मराठी ग्रुपवर एका मित्राने लिहिलं, "आपण नियमाने आलो, ग्रीन कार्डसाठी वर्षानुवर्षं थांबलोय. शेतावरच्या या विनापरवाना मजुरांनीही रांगेत यावं, मग बोलू." खाली पटापट अंगठे पडले. मित्र चांगला माणूस आहे आणि त्याचं दुखणंही खरं आहे. पण तो ज्या रांगेबद्दल बोलतोय ती रांग मला कुठेच दिसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मी कॅलिफोर्नियातल्या टुलारे काउंटीत राहतो. दुधाच्या बाबतीत अमेरिकेतली ही सगळ्यात मोठी काउंटी. धारा काढायच्या यंत्रांची देखभाल हे माझं काम, त्यामुळे वेळी-अवेळी गोठ्यांवर जाणं होतं. धारा काढणारे बहुतेक सगळे मेक्सिकोचे, आणि त्यातल्या अनेकांकडे कागद नाहीत. हे मालकाला माहीत असतं, गावाला माहीत असतं, सरकारलाही माहीत असतं. कामगार खात्याच्याच पाहणीनुसार देशातल्या पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी साधारण 40 टक्क्यांकडे कामाचा परवाना नाही.

आता रांगेचं बघू. शेतमजुरांसाठी एच-टू-ए नावाचा व्हिसा आहे, त्याला संख्येची मर्यादाही नाही. मुख्य अट ही की काम हंगामी हवं. शिरोळ-हातकणंगल्याच्या माणसाला सांगायला नको, गाय बारा महिने पिळावी लागते. म्हणजे गोठ्याचा मालक कितीही सरळ असला तरी रोजच्या धारांसाठी या व्हिसावर माणूस आणू शकत नाही. कायमच्या ग्रीन कार्डाचा एक प्रकार आहे, 'कौशल्य न लागणाऱ्या' कामांसाठी. साऱ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त 10 हजार, त्यात हॉटेलं आली, मांस कारखाने आले, त्या कामगारांची बायका-मुलंही आली. (रात्री तीन वाजता कासेला हात लावून दगडी (कासेची सूज) ओळखणाऱ्या माणसाला अकुशल म्हणायचं हेच मला पटत नाही, पण ते असो.)

समजा मालकाने अर्ज भरलाच. तरी चोरून सीमा ओलांडलेल्या माणसाला इथे बसून कागद मिळत नाहीत, देशाबाहेर जावं लागतं. आणि 1996 च्या कायद्याप्रमाणे वर्षभराहून जास्त विनापरवाना राहिलेला माणूस बाहेर पडला की दहा वर्षं परत यायची बंदी. सवलत मागता येते, पण त्यासाठी नवरा-बायको किंवा आई-वडील इथले नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले हवेत. मुलं जन्माने अमेरिकन असली तरी ती धरत नाहीत. मेक्सिकोतल्या मिचोआकानचा एक जण मला हे समजावून सांगत होता. त्याची थोरली मुलगी इथेच कॉलेजात शिकते. वकिलाने त्याला सांगितलंय की तू गप्प राहा, काहीच करू नकोस. नियमाने वागायची इच्छा असलेल्या माणसाला वकील 'काहीच करू नकोस' सांगतो, ही कसली व्यवस्था?

जानेवारी 2025 मध्ये शेजारच्या कर्न काउंटीत सीमा गस्तीच्या लोकांनी धाडी घातल्या, ऐन संत्र्याच्या तोडणीत. बागा ओस पडल्या हे सगळ्या बातम्यांत आलं. त्यानंतर गावांचं काय झालं ते फारसं कुणी लिहिलं नाही. शाळेत पोरं येईनात. दवाखान्याच्या वेळा घेतलेले लोक येईनात. लिंडसे, ऑरेंज कोव्ह ही गावं मजुरांच्याच पगारावर चालतात. तिथला बेकरीवाला, टायरवाला, पार्लरवाली, सगळ्यांची गिऱ्हाइकं एकच. अलाबामाने 2011 मध्ये असाच कडक कायदा करून पाहिला होता. टोमॅटो शेतात सडले, आणि बदल्यात आणलेले स्थानिक लोक थोड्याच दिवसांत काम सोडून गेले.

आणि दुसऱ्या हाताने सरकार काय करतंय बघा. ऑक्टोबर 2025 मध्ये कामगार खात्याने एच-टू-ए मजुरांचा किमान दर ठरवायची पद्धतच बदलली, दर खाली आले. म्हणजे वीस-वीस वर्षं राहिलेल्या कुटुंबांना हुसकायचं आणि त्या जागी हंगामापुरते एकटे पुरुष स्वस्तात आणायचे. त्यांचा व्हिसा एका मालकाला बांधलेला, खोली मालकाची, गाडी मालकाची. भरती करणाऱ्याने मजुराकडून पैसे घेणं बेकायदा असलं तरी अनेक जण गावाकडे कर्ज काढून ते देतात. उचल घेऊन कारखान्यावर आलेल्या ऊसतोडवाल्याला मुकादमापुढे तोंड उघडता येत नाही, तसंच यांचं. भांडला तर पुढच्या वर्षी बोलावणं नाही. अशा माणसांच्या जिवावर शाळा भरत नाहीत, फुटबॉलचे संघ उभे राहत नाहीत, चर्चच्या जत्रा होत नाहीत. गावाची बरॅक होते.

मराठी माणसाने यात अलिप्त राहू नये असं मला वाटतं, त्याला एक जुनं कारणही आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांच्या काळ्या यादीत असल्याने मायदेशी परतायची सोय नव्हती. त्यांना थारा दिला मेक्सिकोने. चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या जातींवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिकोचा प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा याने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. तिथे त्यांना कुणी आधी रांगेत या म्हटलं नाही.

मार्ग नाही असंही नाही. अमेरिकेच्या कायद्यात 1929 पासून 'रजिस्ट्री' नावाची तरतूद आहे: ठराविक तारखेच्या आधीपासून इथे राहणाऱ्या, चालचलणूक चांगली असलेल्या माणसाने अर्ज करावा आणि कायम व्हावं. ही तारीख संसदेने वेळोवेळी पुढे सरकवली. शेवटची 1986 मध्ये, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने. त्याच कायद्याने दहा लाखांहून जास्त शेतमजुरांना कागद मिळाले होते. तेव्हापासून ती तारीख 1 जानेवारी 1972 वरच थिजली आहे. सात वर्षं राहिलेल्याला अर्ज करता यावा असं विधेयक सिनेटर अलेक्स पडिया यांनी मांडलंय. आणि माझ्या त्या मित्रासाठी मुद्दाम सांगतो, रजिस्ट्रीतली ग्रीन कार्डं वार्षिक मर्यादेत मोजली जात नाहीत. आपली रांग अडलीय ती दर देशाला लावलेल्या सात टक्क्यांच्या कमाल मर्यादेमुळे. गोठ्यावरचा माणूस आपल्या पुढे घुसलेला नाही.

"पण कायदा मोडला ना?" मोडला. त्याच कायद्याने आपल्या फ्रिजमधलं दूधही बेकायदा हातांनी काढलेलं आहे, आणि त्याबद्दल आजवर कुणी आपल्या घरी धाड घातली नाही.

आपल्यातले जे इथले नागरिक झालेत त्यांनी आपापल्या खासदाराच्या ऑफिसला फोन करा. बोलायला इंग्रजी-स्पॅनिशची पंडिती लागत नाही. पिनकोड सांगायचा आणि म्हणायचं, रजिस्ट्रीची तारीख पुढे आणा. मी उद्या सकाळी करतोय. ज्यांना करायचाय त्यांनी खाली लिहा, नंबर शोधून देतो.