लांडग्याचं कौतुक आणि गेलेली कोकरं

मेंढपाळ दादा, माझ्या लांडग्याच्या फोटोंवरची तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. इतरांसाठी थोडक्यात: "लाखाची लेन्स घेऊन लांडग्याचं कौतुक करता. आमची तीन कोकरं गेली, त्याचा फोटो कुठाय? अन् पडीक माळावर सोलर आलं तर तुमच्या पोटात का दुखतं?"

कोकरांचा फोटो नाही, हे खरंय. मोठं मेंढरू गेलं तर मागं काहीतरी उरतं, पण कोकरू लांडगा तोंडात धरून उचलूनच नेतो. मग पंचनाम्याला दाखवायचं काय? गेल्या उन्हाळ्यात बालाघाटाच्या डोंगरावर एका वाड्याजवळ (मेंढरांच्या रात्रीच्या मुक्कामाजवळ) रात्रभर बसलो होतो. पहाटे म्हाताऱ्या मेंढपाळानं मेंढरं मोजली अन् म्हणाला, "एक कमी." माझा कॅमेरा तेव्हा उजाडत्या डोंगराकडं होता. नंतरही लाजेनं तो उचलला नाही. चुकलंच. फाटलेली वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) अन् मातीतले ठसे टिपले असते तर त्याच्या भरपाईच्या अर्जाला जोडता आले असते.

आणखी एक चूक तुम्हाला ठाऊक नाही, ती मीच सांगतो. एकदा बिळाबाहेरच्या लांडग्याच्या पिल्लांचा फोटो टाकला; मागची टेकडी ओळखू येत होती. पंधरवड्यात तिथं गाड्या लागल्या अन् मादीनं पिल्लं हलवली. तेव्हापासून गावाचं नाव लिहीत नाही, हिवाळ्यात, पिल्लांच्या दिवसांत, बिळाकडं फिरकतही नाही.

पण 'पडीक' हा शब्द मला मान्य नाही. खाली मुरूम, वर वीतभर माती, त्यात आपला बेभरवशाचा पाऊस. तिथं पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतंच यायची. धाविक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, चिंकाऱ्याला लांबवर नजर जाईल असं रान लागतं. (म्हणून माळावर गिरिपुष्पाची झाडं लावणाऱ्यांशीही माझं भांडण आहे.) शेजारच्या सोलापुरात नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, आज देशभरात दीडशेच्या आसपासच माळढोक उरलेत, तेही बहुतेक जैसलमेरकडं. आणि सोलरचं कुंपण पडलं की आधी तुमच्याच कळपाची वाट बंद होते. हरणं हटली की लांडगा वाड्याकडंच वळणार ना?

पुढच्या लेखात एकही लांडगा नसेल. एकाच दगडावर उभं राहून तीन वर्षं काढलेले एकाच माळाचे फोटो आहेत. शेवटच्या दोनांत कुंपणाच्या तारा दिसतात.

दिवाळीनंतर तुमचा वाडा कुठं बसणार ते कळवा. ठशांचे फोटो काढायला येतो.